आवाजाची पाकिटे

(मैदानावर बोललेला शब्द घरातल्या रेडिओपर्यंत कसा पोचतो? पूर्वी त्यासाठी टेलिफोनची तार भाड्याने घ्यावी लागे. आता हे काम बहुतेक ठिकाणी संगणकांच्या जाळ्यातून होते. या जाळ्यातून जिवंत आवाज पाठवणे सोपे दिसते, पण तसे ते नाही. त्यातल्या अडचणी कोणत्या आणि त्यांवर कोणते उपाय करतात, हे या पाठात सांगितले आहे.)

रेडिओवर क्रिकेटचे धावते समालोचन तुम्ही कधी ना कधी ऐकले असेल. गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो, फलंदाज तो टोलवतो आणि समालोचक हे सारे एका दमात सांगतो. सामना मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर चालू असतो. तुम्ही मालेगावात, अकोल्यात किंवा परभणीत बसून तो ऐकत असता.

रेडिओ केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी तुमच्या घरापर्यंत येतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण समालोचक काही त्या मनोऱ्याखाली बसलेला नसतो. तो मैदानावर असतो. केंद्र शहरात असते आणि मनोरा बहुधा गावाबाहेर किंवा उंच जागी असतो. मग मैदानापासून केंद्रापर्यंत आणि केंद्रापासून मनोऱ्यापर्यंत आवाज कोण नेतो? श्रोत्याला हा मधला रस्ता दिसत नाही. पण सगळी गंमत आणि सगळा धोका या मधल्या रस्त्यातच आहे.

आपल्याकडे धावत्या समालोचनाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी चौरंगी क्रिकेट सामन्याचे वर्णन रेडिओवरून केले. युरोपियन, हिंदू, पारशी आणि मुस्लिम असे चार संघ त्या स्पर्धेत खेळत, म्हणून तिला चौरंगी म्हणत. तल्यारखान माइक दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. दिवसभर ते एकटेच बोलत. पुढे बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत रुजवले.

समालोचन केवळ खेळांचे असते असे मात्र नाही. ३१ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची अंत्ययात्रा निघाली. आकाशवाणीच्या गाडीत बसून मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास तिचे वर्णन केले. त्या दिवशी देशातले लोक रेडिओभोवती जमले होते. अशा वेळी आवाज मधेच तुटला असता तर ऐकणाऱ्यांना काय वाटले असते, याचा विचार करा. असा प्रसंग पुन्हा घडत नाही आणि त्याचे वर्णनही दुसऱ्यांदा करता येत नाही.

जुन्या काळी मैदानावरचा आवाज केंद्रात आणण्यासाठी टेलिफोनची तार वापरत. सामन्याच्या आधी काही दिवस टेलिफोन खात्याकडे अर्ज करायचा, तार मैदानापर्यंत आणून घ्यायची आणि सामना संपेपर्यंत ती भाड्याने ठेवायची. ही तार भरवशाची होती, पण तिच्यात एक दोष होता. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. साधी टेलिफोनची तार सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचाच आवाज नेई. त्यामुळे आवाज डबक्यात बोलल्यासारखा येई. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक बराचसा वरच्या कंपनांत असतो, आणि तीच कंपने वाटेत गळून जात. फोनवर नाव सांगताना ‘स, सफरचंदातला’ असे म्हणावे लागते, ते यामुळेच. उर्दूतल्या ‘सीन’ आणि ‘फे’ यांची गतही तीच.

नंतर आय.एस.डी.एन. नावाची सेवा आली. जगातल्या अनेक रेडिओ केंद्रांनी १९९० नंतरच्या वर्षांत ती वापरली. या सेवेत आवाजाचे आकडे करून पाठवत. एका वाटेवरून सेकंदाला ६४,००० बिट जात. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक खूण. या सेवेचा मोठा गुण असा, की बोलणे चालू असेपर्यंत ती वाट तुमचीच असे. दुसऱ्या कोणाला तीत शिरता येत नसे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी एखादी बस ठरवावी, तशी ती वाट असे. बसमध्ये बाहेरचा माणूस चढत नाही, बस वाटेत थांबत नाही आणि सगळे वऱ्हाडी एकाच वेळी, एकाच क्रमाने उतरतात. पण अशी बस महाग पडते. ब्रिटन आणि जर्मनीसारख्या देशांत टेलिफोन कंपन्यांनी ही सेवा हळूहळू गुंडाळायला घेतली आणि रेडिओवाल्यांना संगणकांच्या जाळ्याकडे वळावे लागले.

संगणकांचे जाळे म्हणजे रोजची एस.टी. तिच्यात सगळे चढतात. तुमचा आवाज, कोणाचा व्हिडिओ, कोणाचे बँकेचे काम, कोणाचे लग्नाचे फोटो, सारे एकाच रस्त्याने जातात. जागा मिळाली तर बसायचे, नाही तर पुढच्या गाडीची वाट पाहायची. एकाच घरातली चार माणसे चार गाड्यांनी निघाली तर ती वेगवेगळ्या वेळी पोचतील, मागून निघालेला कदाचित आधी पोचेल आणि एखादा पोचणारही नाही. जिवंत आवाजाला नेमके हेच चालत नाही.

आता हा आवाज जाळ्यात शिरतो कसा, ते पाहू.

माइक हवेच्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. यंत्र त्या लहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजते. प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे. एक नमुना १६ बिटांत लिहितात. आता गुणाकार करा : ४८,००० गुणिले १६ म्हणजे सेकंदाला ७,६८,००० बिट. एका माणसाच्या बोलण्यासाठी एवढा माल झाला. दोन बाजूंचा, म्हणजे स्टिरिओ आवाज असेल तर त्याच्या दुप्पट.

एवढा माल पाठवणे नेहमी परवडत नाही. म्हणून तो आवळून लहान करतात. हे काम करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडेक आपल्या कानाची एक खोड वापरून घेतो. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना ती समजावून सांगायला नको. यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. टिकटिक थांबलेली नसते. मोठ्या आवाजाने तिला झाकून टाकलेले असते. जो आवाज झाकला जाणार आहे, तो पाठवायचाच कशाला? कोडेक असे झाकलेले भाग शोधतो आणि वगळतो. मग ७,६८,००० बिटांच्या जागी ६४,००० बिटांत काम भागते, म्हणजे माल बारा पटींनी कमी होतो. बोलणे ऐकताना हा फरक बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ऑपस नावाची अशी एक पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती कोणालाही फुकट वापरता येते.

आता या आवाजाचे तुकडे करतात. एक तुकडा बहुधा २० मिलीसेकंदांचा असतो. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे मिलीसेकंद. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात १,२८० बिट, म्हणजेच १६० बाइट आवाज असतो. हा तुकडा पाकिटात घालतात. पाकिटावर पत्ता, अनुक्रमांक आणि वेळ लिहितात. हे लिहायला आणखी ४० बाइट लागतात. १६० बाइटांचे पत्र आणि ४० बाइटांचा पत्ता! टपाल खात्यालाही हेवा वाटावा. पण या पत्त्यावाचून गत्यंतर नाही. अनुक्रमांक नसेल तर पलीकडच्या यंत्राला कोणते पाकीट आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कळणार नाही.

पाकिटे निघतात. वाटेत नाक्या-नाक्यांवर राउटर नावाची यंत्रे असतात. ती पत्ता वाचतात आणि पाकीट पुढे ढकलतात. नाक्यावर गर्दी झाली तर पाकिटाला रांगेत थांबावे लागते. रांग फारच वाढली तर राउटर सरळ काही पाकिटे टाकून देतो. तो कोणाला विचारत नाही आणि कोणाला कळवतही नाही.

त्यामुळे पाकिटे २० मिलीसेकंदांच्या नेमाने निघाली, तरी त्या नेमाने पोचत नाहीत. एक १५ मिलीसेकंदांत येते, दुसऱ्याला ६० लागतात, तिसरे आणि चौथे एकदमच दारात उभे राहतात. आलेले पाकीट आल्याबरोबर उघडून वाजवले, तर समालोचक उचकी लागल्यासारखा बोलू लागेल.

यावरचा उपाय तुमच्या घरात आहे. नळाला पाणी कधी पहाटे येते, कधी दुपारी, कधी जोरात, कधी करंगळीएवढे. पण तुम्ही पिंप किंवा टाकी भरून ठेवता आणि दिवसभर त्यातले पाणी सारख्या धारेने वापरता. पलीकडचे यंत्रही तसेच करते. आलेली पाकिटे ते आधी एका टाकीत साठवते, अनुक्रमांक पाहून ओळीने लावते आणि मग ठरलेल्या नेमाने एकेक बाहेर काढते. या टाकीला बफर म्हणतात.

टाकी केवढी ठेवायची, हा मोठा नाजूक प्रश्न आहे. लहान टाकी लवकर रिकामी होते आणि आवाज तुटतो. मोठी टाकी सहसा रिकामी होत नाही, पण तिच्यातले पाणी शिळे असते. २०० मिलीसेकंदांची टाकी ठेवली, तर श्रोत्याला प्रत्येक शब्द निदान २०० मिलीसेकंद उशिरा ऐकू येणार. एकटाच समालोचक बोलत असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण केंद्रातला निवेदक प्रश्न विचारत असेल आणि मैदानावरचा माणूस उत्तर देत असेल, तर हा उशीर दोघांनाही जाचतो. एकाला वाटते दुसरा गप्प आहे. तो पुन्हा विचारतो, तेवढ्यात पहिले उत्तर येते आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. संभाषण नीट चालायचे असेल तर एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असावा, असे मानतात. उपग्रहातून बोलणाऱ्यांना हा त्रास फार जुना आहे. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर होतात. सेकंदाला ३,००,००० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहरींनाही त्यासाठी जवळजवळ पाव सेकंद लागतो. त्यामानाने काचेच्या तंतूंची केबल बरी. तीत प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते दिल्ली १,४०० किलोमीटर धरले तर ७ मिलीसेकंदांत काम होते. म्हणजे जाळ्यातला उशीर मुख्यतः अंतराचा नसतो. तो रांगेचा आणि टाकीचा असतो.

याच उशिरातून आणखी एक घोटाळा होतो. केंद्रात जो कार्यक्रम चालू असतो, तो मैदानावरच्या समालोचकाच्या कानातही पाठवावा लागतो. त्यात त्याचा स्वतःचा आवाजही असला, तर तो त्याला थोड्या वेळाने परत ऐकू येतो. आपलाच आवाज असा मागून येऊ लागला की भलाभला वक्ताही अडखळतो. म्हणून केंद्रातला तंत्रज्ञ समालोचकाला सगळा कार्यक्रम पाठवतो, फक्त त्यातून त्याचा आवाज वगळतो.

आता हरवलेल्या पाकिटांकडे वळू. तुम्ही संगणकावरून एखादे पुस्तक मागवले आणि त्यातले एक पाकीट हरवले, तर संगणक ते पुन्हा मागवून घेतो. पुस्तक दोन क्षण उशिरा आले तरी चालते. जिवंत आवाजात मात्र तेवढा वेळ असेलच असे नाही. चेंडू सीमापार गेल्यावर ‘चौकार’ या शब्दातला ‘चौ’ पुन्हा मागवून काय उपयोग? टाकी पुरेशी मोठी असेल, तरच हरवलेले पाकीट परत मागवता येते.

दुसरी युक्ती गणिताची आहे. समजा, तुम्हांला ५, ९ आणि २ हे तीन आकडे पाठवायचे आहेत. त्यांच्या मागोमाग त्यांची बेरीज १६ हीसुद्धा पाठवा. वाटेत ९ हरवला. पलीकडच्याकडे ५, २ आणि १६ आहेत. १६ मधून ७ वजा करा, हरवलेला ९ सापडला! पाकिटांचेही असेच करतात. तीन पाकिटांमागे एक जादा पाकीट पाठवले, तर तिघांतले कोणतेही एक हरवले तरी ते परत घडवता येते. खर्च मात्र वाढतो. शिवाय दोन पाकिटे एकदम हरवली तर बेरीज बिचारी काहीच करू शकत नाही, आणि गर्दीच्या नाक्यावर पाकिटे हरवतात ती पुष्कळदा घोळक्यानेच.

तिसरी युक्ती सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत चांगली. तोच आवाज एकाच वेळी दोन वाटांनी पाठवायचा. एक वाट केबलची आणि दुसरी मोबाइलची, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सिमकार्डे. पलीकडे जे पाकीट आधी येईल ते ठेवायचे, त्याचे जुळे आले की टाकून द्यायचे. एका वाटेवर पडलेले भोक दुसरी वाट बुजवते. मात्र दोन वाटा खरोखरच दोन आहेत ना, हे पाहावे लागते. दोन कंपन्यांच्या केबली पुष्कळदा एकाच चरातून गेलेल्या असतात. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा एक फटका दोन्ही वाटा बंद करतो.

मोबाइलवर एकट्याने विसंबण्याचा धोका मैदानावर चांगला दिसून येतो. सकाळी मैदान रिकामे असते. तंत्रज्ञ मोबाइलचे यंत्र लावून पाहतात, तेव्हा आवाज स्वच्छ जातो. दुपारी हजारो प्रेक्षक येतात आणि षटकार बसला की सगळे एकदम फोन काढून चित्रे पाठवू लागतात. त्यांची आणि समालोचकाची पाकिटे एकाच टॉवरवर धडकतात. म्हणजे सांगण्यासारखे काही घडते नेमकी तेव्हाच वाट तुंबते! म्हणून जाणते तंत्रज्ञ रिकाम्या मैदानावरची चाचणी खरी धरत नाहीत.

इतके करूनही काही पाकिटे हरवतातच. तेव्हा यंत्र त्या जागी आधीच्या पाकिटातला आवाज ताणून भरते. २० मिलीसेकंदांचे भोक असे बुजवले तर कानाला पत्ता लागत नाही. पण यात एक मोठे संकट दडलेले आहे.

समजा, समुद्रात वादळ आले आहे आणि रेडिओचा वार्ताहर बंदरावरून सांगतो आहे, ‘कोळी बांधवांनो, उद्या समुद्रात जाऊ नका.’ मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. उर्दूत ‘मत’ किंवा ‘न’ क्रियापदाच्या आधी येतात. ‘नका’ हा शब्द उच्चारायला साधारण ३०० मिलीसेकंद लागतात असे धरा. म्हणजे तो फक्त १५ पाकिटांत बसतो. ती १५ पाकिटे घोळक्याने हरवली आणि यंत्राने ती जागा गुळगुळीत करून टाकली, तर श्रोत्याला काय ऐकू येईल? ‘उद्या समुद्रात जाऊ...’ खरखर झाली असती, तर निदान काहीतरी गळाले एवढे तरी कळले असते. जुन्या तारेची खरखर कानाला त्रास देई, पण ती खोटे बोलत नसे. म्हणूनच महत्त्वाची सूचना देणारा अनुभवी निवेदक ती दोनदा सांगतो, आणि दुसऱ्यांदा शब्द बदलून सांगतो : ‘होड्या किनाऱ्यावरच ठेवा.’

हे उदाहरण काल्पनिक असले तरी वादळ काल्पनिक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत झाडे, घरांची छपरे आणि विजेचे खांब कोसळले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही बंद पडले होते. मोबाइलचा टॉवर वीज गेल्यावर काही तास बॅटरीवर चालतो. मग डिझेलचे जनित्र नसेल तर तो मुका होतो. अशा वेळी जाळ्यातून येणारी पाकिटे येणार कोठून? बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर मात्र दूरच्या मनोऱ्याचा आवाज पकडू शकतो, कारण मनोरा आणि तो यांच्यामध्ये एकही नाका नसतो.

त्याच वर्षी जाळ्याची दुसरी बाजूही दिसली. कोरोनाच्या साथीमुळे प्रवास बंद होते. १८ जुलै २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतील सेंच्युरियन येथे तीन संघांचा एक आगळाच क्रिकेट सामना झाला. भारतातल्या दूरचित्रवाणीसाठी त्याचे समालोचन इरफान पठाण यांनी बडोद्यातून, दीप दासगुप्ता यांनी कोलकात्यातून आणि संजय मांजरेकर यांनी मुंबईतून केले. तिघेही आपापल्या घरी बसले होते! सामन्याचे चित्र त्यांच्याकडे जाळ्यातून जाई आणि त्यांचा आवाज जाळ्यातूनच परत येई. अशा कामात पाकिटे हरवण्यापेक्षाही वेळ जुळवणे कठीण असते. एकाला चित्र अर्धा सेकंद आधी दिसले तर तो ‘बाद!’ म्हणून ओरडेल आणि दुसऱ्याच्या पडद्यावर चेंडू अजून हवेतच असेल.

वेळ जुळवण्याची आणखी एक अडचण फार थोड्यांना माहीत असते. नमुने मोजण्यासाठी प्रत्येक यंत्रात एक लहानसे घड्याळ असते. मैदानावरचे घड्याळ आणि केंद्रातले घड्याळ अगदी तंतोतंत सारखे कधीच चालत नाही. त्यांच्यात लाखात एका भागाचा फरक असला, तरी तासाभरात ३६ मिलीसेकंदांचा फरक पडतो. सहा तासांच्या खेळात तो २१६ मिलीसेकंद होतो. मैदानावरचे घड्याळ पुढे धावत असेल तर टाकी हळूहळू भरून वाहू लागते. मागे पडत असेल तर ती हळूहळू आटते. सकाळी ठणठणीत असलेला आवाज दुपारी कोणतेही कारण नसताना तुटू लागतो आणि लोक जाळ्याला दोष देत बसतात. चांगली यंत्रे टाकीतल्या पाण्याची पातळी पाहून वाजवण्याचा वेग कानाला कळणार नाही इतका कमी-जास्त करतात.

इतक्या खटपटी करून आवाज केंद्रात येतो. तेथून तो मनोऱ्याकडे जातो, आणि आजकाल पुष्कळदा तोही रस्ता जाळ्याचाच असतो. या रस्त्यावर मात्र तोंडाला कुलूप लागले तर सगळे केंद्रच मुके होते. म्हणून मनोऱ्यापाशी शांतता ओळखणारे एक यंत्र बसवतात. ठरलेल्या काही सेकंदांत आवाज आला नाही, तर ते आपोआप दुसऱ्या वाटेवर जाते. दुसरी वाटही बंद असेल तर तिथेच साठवलेले संगीत सुरू करते. मैदानावरच्या तंत्रज्ञाचीही अशीच शेवटची तयारी असते. सगळ्या वाटा बंद पडल्या तर समालोचक साधा फोन उचलतो, केंद्राचा नंबर फिरवतो आणि फोनवरच बोलू लागतो. आवाज पुन्हा डबक्यातला येतो, ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते, पण धावसंख्या कळते.

एक गोष्ट राहिली. रेडिओचे कार्यक्रम आता मोबाइलच्या ॲपवरही ऐकता येतात. तेथे श्रोते लाखो असतात आणि प्रत्येकाची वाट निराळी असते. म्हणून त्यांच्यासाठी टाक्या फार मोठ्या ठेवलेल्या असतात, मिलीसेकंदांच्या नव्हे तर कित्येक सेकंदांच्या. तुम्ही ॲपवर सामना ऐकत असाल आणि शेजारचे चाचा ट्रान्झिस्टरवर ऐकत असतील, तर बळी गेल्याची आरोळी तुम्हांला आधी भिंतीपलीकडून ऐकू येईल. तुमचा समालोचक तेव्हा अजून गोलंदाजाला धावायलाच लावत असेल. आणि निवेदकाने ‘आता बरोबर आठ वाजले आहेत’ असे ॲपवर सांगितले, तर त्यावरून घड्याळ लावू नका.

शब्दार्थ

धावते समालोचन – घटना घडत असतानाच केलेले तिचे वर्णन
गत्यंतर नसणे – दुसरा मार्ग नसणे
तुंबणे – अडून राहणे, पुढे न सरकणे
आटणे – पाणी कमी कमी होत जाणे
चर – जमिनीत खणलेला लांब खड्डा
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र
भलाभला – मोठा, नामवंत
गल्लत होणे – एकाच्या जागी दुसरे समजणे

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चौरंगी स्पर्धेत कोणते चार संघ खेळत?
(आ) पाकिटावर कोणत्या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात?
(इ) समालोचकाच्या कानात पाठवलेल्या कार्यक्रमातून काय वगळतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने आय.एस.डी.एन.ची तुलना वऱ्हाडाच्या बसशी का केली आहे?
(आ) टाकी फार लहान किंवा फार मोठी ठेवली तर काय होते?
(इ) जुन्या तारेची खरखर ‘खोटे बोलत नसे’ असे लेखक का म्हणतो?

३. ७, ४ आणि ६ हे आकडे व त्यांची बेरीज पाठवली. वाटेत ४ हरवला. तो कसा शोधाल, ते लिहा.

४. पुढील उर्दू वाक्यांचे मराठीत भाषांतर करा. नकार कोठे येतो, ते पाहा.
(अ) वहाँ मत जाओ।  (आ) दरवाज़ा मत खोलो।  (इ) पानी ज़ाया न करो।

५. वाक्यांत उपयोग करा : एका दमात, गुंडाळायला घेणे, गत्यंतर नसणे, ध्यानात येणे.

६. उपक्रम : एकाच रेडिओ केंद्राचा कार्यक्रम एकाच वेळी ट्रान्झिस्टरवर आणि मोबाइलच्या ॲपवर लावा. सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन एकच शब्द दोन्हीकडे केव्हा ऐकू येतो, ते पाहा. सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन वेळा मोजून आलेले फरक वहीत लिहा.